ह्या नटाला म्हणतात तरी काय?

प्रश्न: पलंग खोलून परत जोडताना लाकडाच्या भोकातून एक छोटासा गोल लोखंडी तुकडा घरंगळून पडला तो कुठे गेला ते कळलंच नाही, तसे अजून तीन आहेत माझ्याकडे. पेन्सिलीपेक्षा जरा जाड, बाहेरून एकदम गुळगुळीत, एका टोकाला स्क्रूच्या डोक्यावर असते तशी खाच, आणि पोटातून आडवं आरपार भोक, त्या भोकात आटे. नेटवर ‘गोल नट’ टाकलं की भलतंच काहीतरी येतं. नक्की नाव काय ह्याचं आणि मागायचं कसं?

उत्तर: तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की फोटोची गरजच नाही. ह्याला क्रॉस डॉवेल म्हणतात, काही जण क्रॉस डॉवेल नट म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी हाच बॅरल नट म्हणूनही मिळतो. पण नुसतं बॅरल नट म्हणून ऑर्डर देऊ नका, कारण त्याच नावाने एक वेगळीच वस्तू विकली जाते. ती म्हणजे एका बाजूला चपटं डोकं असलेली पोकळ नळी, आटे तिच्या लांबीच्या दिशेने आत असतात, समोरून स्क्रू येऊन तिच्यात बसतो आणि दोन्हीकडून फक्त डोकी दिसतात. फाइली, पट्टे, पार्टिशनचे पत्रे जोडायला वापरतात ती, चिकागो स्क्रू किंवा बाइंडिंग स्क्रू पण म्हणतात तिला. तुमच्या पलंगाला तिचा काडीचा उपयोग नाही. आडवं भोक असेल तर क्रॉस डॉवेल, एवढं पक्कं धरा.

आता हा नट असा विचित्र का केलाय, तर पलंगाच्या आडव्या पट्टीच्या टोकात सरळ स्क्रू मारला तर तो लाकडाच्या रेषांना समांतर जातो आणि तिथे पकड फार कमी मिळते, चार वेळा खोललं-जोडलं की आटे गेलेच. पार्टिकल बोर्डच्या कडेत तर त्याहून वाईट हाल. म्हणून पट्टीला बाजूने एक भोक पाडून त्यात हा गोल तुकडा आडवा ठेवतात आणि खांबातून येणारा लांब बोल्ट त्याच्या पोटात जाऊन आवळतो. ताण येतो तो ह्या तुकड्याच्या अख्ख्या अंगावर, लाकडात आटे पाडावेच लागत नाहीत, त्यामुळे कितीही वेळा खोला.

आणि ती टोकाची खाच आवळायला नाहीये बरं का! बरेच लोक तिथे स्क्रू ड्रायव्हर लावून जोर करतात आणि मग म्हणतात फिरतोय पण घट्ट होत नाही. खाच असते ती दिशा दाखवायला, सहसा ती आतल्या भोकाच्या रेषेतच असते, म्हणजे नट लाकडात गेल्यावर भोक दिसत नसलं तरी खाचेकडे बघून तो बोल्टच्या समोर आणता येतो. खाच बोल्टच्या दिशेला करायची, स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून ठेवायचा, आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, दोन-तीन फेरे सहज गेले की मगच ॲलन की (षटकोनी टोकाची ती वाकडी चावी) लावायची.

मागताना नावापेक्षा मापं महत्त्वाची, आणि ती तुमच्याकडच्या तीन तुकड्यांवरूनच घ्या. बाहेरचा व्यास (१० मिलिमीटर फार कॉमन आहे), एकूण लांबी, आतले आटे, आणि चौथं माप जे सगळेच विसरतात ते म्हणजे खाचेच्या टोकापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. भोक दर वेळी बरोबर मधोमध असतं असं नाही, बऱ्याच नटांत ते एका टोकाकडे सरकलेलं असतं. हे अंतर चुकलं तर नट कसाही फिरवा, बोल्टला भोक सापडणारच नाही.

आटे मोजायचे ते नटात डोकावून नाही, बोल्टवर मोजा. व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) बोल्टच्या आट्यांवरून व्यास घ्या, ६ मिलिमीटरला किंचित कमी आला तर बहुतेक एम ६, म्हणजे ६ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट. पण इंची पाव इंचाचा बोल्टही ६.३५ चा असतो आणि आटे जरा झिजले की माप तिथेच आसपास येतं, म्हणून साध्या पट्टीने दहा आट्यांची लांबी बघा, एका आट्याच्या शेंड्यापासून पुढे दहाव्या शेंड्यापर्यंत. नेहमीच्या एम ६ ला ती बरोबर १० मिलिमीटर भरते, इंचाला वीस आटे असलेल्या पाव इंची बोल्टला १२.७. इतका फरक पट्टीवर डोळ्यांनी दिसतो, पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायच्या दातेरी पट्ट्या) असेल तर उत्तमच पण नसलं तरी अडत नाही.

एक शेवटचं, तुमच्या फर्निचरमध्ये अजून एक गोल प्रकार निघू शकतो, बसका, साधारण १५ मिलिमीटर व्यासाचा, वर फुलीची खाच आणि बाण, एका बाजूने पोकळ, आणि आत आटे अजिबात नाहीत. तो कॅम लॉक, बरेच सुतार त्याला मिनिफिक्स म्हणतात. तो मात्र खरंच फिरवूनच आवळायचा असतो, अर्धा-पाऊण फेरा, त्यापुढे जोर केला तर तुटतो.

प्रश्न: मोटरच्या शाफ्टवर बेअरिंगच्या पुढे एक उघडी रिंग आहे, दोन्ही टोकांना बारीक भोकं. ही काढायची कशी आणि नवीन घ्यायची तर रिंगचं माप द्यायचं का?

उत्तर: सर्क्लिप. शाफ्टवर बाहेरून बसते म्हणजे बाहेरची, डिन ४७१ (डिन म्हणजे जर्मन मानक, पुढचा आकडा त्याचा नंबर). हाउसिंगच्या भोकात आतून बसते ती आतली, डिन ४७२. काढायला सर्क्लिप प्लायरच हवा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर रिंग वाकते नाहीतर उडते, त्यामुळे चष्मा घाला.

मापाचं म्हणाल तर रिंगचं नाही, शाफ्टचं द्यायचं. सुट्या रिंगचा आतला व्यास मुद्दाम शाफ्टहून कमी ठेवलेला असतो, नाहीतर ती खाचेत धरून बसणार कशी. उदाहरणार्थ २० च्या शाफ्टची डिन ४७१ रिंग सुटी असताना आतून १८.५ भरते, शाफ्टवरची खाच १९ ची असते, जाडी १.२. म्हणजे तुम्ही रिंग मोजून ‘साडेअठराची द्या’ म्हणालात तर गोंधळ ठरलेलाच. पण हेच जर तुमच्या रिंगला भोकं नसती आणि ती इंग्रजी ई अक्षरासारखी दिसली असती, तर ती ई-क्लिप, डिन ६७९९, आणि तिथे नियम उलटा, तिचा नंबर खाचेच्या व्यासावरून ठरतो. ८ नंबरची ई-क्लिप ९ ते १२ मिलिमीटरच्या शाफ्टला चालते. कोणी ठरवलं असं कोण जाणे, पण आहे असं.

प्रश्न: बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलंय. हे त्याचं नाव की साइज?

उत्तर: दोन्ही नाही, ताकद. पहिल्या आकड्याला शंभराने गुणा, ८०० मेगापास्कलला (हे ताण मोजायचं एकक) बोल्ट तुटायच्या पातळीला येतो, आणि दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जायला लागतो. स्टीलच्या बोल्टवर १०.९ किंवा १२.९ दिसलं तर तोच हिशोब लावा. स्टेनलेसवर मात्र ए२-७० असं काहीतरी असतं, त्यातला ए२ हा धातूचा प्रकार आणि ७० म्हणजे ७०० मेगापास्कल. बदलताना निदान तेवढ्याच ग्रेडचा घ्या, आणि डोक्यावर काहीच लिहिलेलं नसलेला बोल्ट ८.८ च्या जागी नुसता बसतोय म्हणून लावू नका, विशेषतः गाडीच्या ब्रेकला किंवा सस्पेन्शनला.