आल्प्समध्ये चार दिवस: बर्फाचं टोक एकच करा, बाकीचा वेळ कुरणांना द्या

तुमचा बेत असा आहे: जूनच्या शेवटच्या आठवड्यात साठीपुढच्या आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकनला चार दिवस मुक्काम, युंगफ्राउयोख आणि टिटलिस ही बर्फाची दोन्ही टोकं करायची, शिवाय प्राणी, फुलं आणि घंटा बांधलेल्या गाईही बघायच्या. यातलं टिटलिस सरळ कापा. दोन्हीकडे बर्फ, वारा, खडक आणि गर्दी. प्राणी, फुलं, गाई हे सगळं साधारण १५०० ते २३०० मीटरच्या पट्ट्यात असतं, आणि आपली बहुतेक मंडळी तो पट्टा नेमका गाडीच्या काचेतून बघत ओलांडतात.

वर जाताना दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. आल्प्सच्या उत्तर उतारावर, म्हणजे तुम्ही राहणार त्या बर्नच्या बाजूला, सूचिपर्णी झाडं १८०० ते २००० मीटरच्या आसपास संपतात. डोंगराच्या पलीकडे व्हॅले परगण्यात हवा कोरडी, ऊन जास्त, म्हणून तिथे लार्च आणि अरोला पाइन ही सूचिपर्णी झाडं २२००-२३०० मीटरपर्यंत चढलेले दिसतात. पण झाडं कुठे संपावीत हे एकट्या हवामानाने ठरवलेलं नाही. शेकडो वर्षं कुरणांसाठी जंगल तोडल्यामुळे ती रेषा बऱ्याच ठिकाणी खाली सरकली आहे. पोस्टकार्डावरचे ते हिरवे उतार गुरं राखणाऱ्यांनी राखलेत. चराई थांबली की तिथे आधी आल्डरची झुडपं माजतात आणि मागोमाग जंगल येतं.

युंगफ्राउयोख पहिल्या दिवशी नको. ठिकाण ३४५४ मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, आणि गाडी तुम्हाला दोन-अडीच तासांत तिथे नेऊन सोडते. आई-बाबांचं डोकं जड होणं, जिना चढताना धाप लागणं हे अगदी नेहमीचं. तिसऱ्या दिवशी जा, वर सावकाश चाला, पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सकाळी सातला वेबकॅम बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. इंटरलाकनला ढग असले तरी वर लख्ख ऊन असू शकतं आणि उलटही.

आई-बाबांना झेपेल अशी सगळ्यात चांगली वाट मेनलिखन ते क्लाइने शायडेक. रोपवेने मेनलिखनला चढायचं आणि साधारण साडेचार किलोमीटर हलक्या उतारावरून चालत २०६१ मीटरवरच्या क्लाइने शायडेकला यायचं. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ओळीने उभे. पाटीवर दीड तासाच्या आसपास वेळ लिहिलेली असते, पण स्विस पाट्यांवरच्या वेळा न थांबता चालणाऱ्यांसाठी काढलेल्या असतात, सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून. फोटो आणि डबा धरून दीडपट वेळ हाताशी ठेवा. पाटी नुसती पिवळी असेल तर वाट सोपी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर डोंगरवाट, तिथे घोट्याला आधार देणारे बूट हवेतच. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा, ते तुमचं काम नाही.

फुलांसाठी श्यिनिगे प्लाटे. विल्डर्सविलहून १८९३ पासून चालणारी दातेरी रुळांची गाडी १९६७ मीटरवर नेते आणि स्टेशनालगतच आल्पाइन वनस्पतींची बाग आहे. आधी ती बाग नावांच्या पाट्यांसकट नीट बघा, मग बाहेरच्या उतारावर तीच झाडं ओळखता येतात. जूनअखेर निळे जेन्शियन आणि गुलाबी आल्पेनरोझ भेटतील. आल्पेनरोझ म्हणजे आपल्या हिमालयातल्या बुरांशाचा (ऱ्होडोडेंड्रॉनचा) ठेंगणा भाऊबंद. त्याच्या दोन जाती आहेत: पानाची खालची बाजू तांबूस असलेली आम्लधर्मी जमिनीवर, पानाच्या कडेला लव असलेली चुनखडीवर. पायाखालचा खडक कोणता हे झाडावरूनच कळतं. ढग आले की निळे जेन्शियन मिटतात, म्हणून ऊन असतानाच बघा. एडलवाइस, म्हणजे आल्प्सचं ते पांढरं लवदार फूल, उघड्यावर फुललेलं हवं असेल तर जुलै-ऑगस्टच. दिसलंच तर तोडायचं नाही, संरक्षित आहे. पिवळा जेन्शियन आणि विषारी व्हेराट्रम फुलं नसताना फसवतात. जेन्शियनची पानं समोरासमोर जोडीने येतात, व्हेराट्रमची आळीपाळीने. पहिल्याच्या मुळापासून कडू दारू काढतात, दुसऱ्याने माणूस दवाखान्यात जातो.

मार्मोटसाठी, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीच्या मोठ्या भाऊबंदासाठी, ग्रिंडेलवाल्डवरून फर्स्ट या ठिकाणी जा आणि तिथून बाखआल्पझे तळ्याच्या वाटेने निघा. तळं २२६५ मीटरवर आहे, त्यामुळे जूनअखेर वाटेत बर्फाचे पट्टे असू शकतात. निघण्याआधी चौकशी करा. पोचलात नाहीत तरी बिघडत नाही, मार्मोट वाटेवरच्या उतारांवरच दिसतात. इथे लोक हमखास चुकतात ती वेळ: भर दुपारी जातात. या प्राण्याला घाम येत नाही, ऊन तापलं की तो बिळात शिरतो. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर बघा. त्याची इशाऱ्याची शिट्टी ऐकू आली की जागच्या जागी थांबा, ती बहुतेक वेळा तुमच्याबद्दलच असते. दहा मिनिटं न हलता बसलात तर तो परत बाहेर येतो. खायला काही घालू नका. वर्षातले जवळपास सहा महिने तो झोपून काढतो आणि त्या झोपेला लागणारी चरबी गवतापाल्यावरच साठवायची असते, बिस्किटांवर नाही.

आयबेक्ससाठी, म्हणजे डोंगरातल्या रानबोकडासाठी, बेआटेनबर्ग गावाच्या वरचं नीडरहॉर्न. सोबत ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण घ्या, मोबाइलचा झूम कामाचा नाही. धारेवरून यूस्टिसटाल खोऱ्याच्या बाजूचे कडे टप्प्याटप्प्याने तपासा. नराची मागे वळलेली, गाठी असलेली शिंगं मीटरभर वाढतात. मादीची आखूड, म्हणून तिला लोक शॅमॉय, म्हणजे शेळीसारखा दुसरा डोंगरी प्राणी, समजतात. शॅमॉयची शिंगं आकड्यासारखी टोकाला वळलेली आणि फिकट चेहऱ्यावर काळी पट्टी. हे सगळे आयबेक्स बाहेरून आणलेल्यांचे वंशज आहेत. शिकारीमुळे स्वित्झर्लंडमधून ते नाहीसे झाले होते, इटलीच्या राजाच्या ग्रान पारादीसोमधल्या राखीव रानात तेवढे उरले होते. राजा विकायला तयार नव्हता, म्हणून १९०६ पासून पिल्लं चोरून सीमेपार आणून सांक्ट गालनच्या प्राणी उद्यानात वाढवली आणि १९११ मध्ये पहिली डोंगरात सोडली. खाली येणाऱ्या शेवटच्या गोंडोलाची वेळ मात्र चढतानाच बघून ठेवा. आयबेक्स संध्याकाळी बाहेर येतात आणि गोंडोला त्यासाठी थांबत नाही.

आता गाई. जूनमध्ये त्या वरच्या कुरणांवर चढतात, त्यामुळे तुम्हाला त्या मधल्या टप्प्यांवर भेटतील. फुलांनी सजवून खाली आणण्याची मिरवणूक सप्टेंबरची, आणि त्या मोठ्या घणघणणाऱ्या घंटाही बहुतेक तेव्हाच्याच. रोजच्या घंटा लहान असतात, धुक्यात जनावर सापडावं म्हणून. तुम्ही नीडरहॉर्नवरून खाली बघाल त्या यूस्टिसटालमध्ये सप्टेंबरात चीजची वाटणी होते. उन्हाळाभर सगळ्यांचं दूध एकत्र करून बनवलेलं चीज, ज्याच्या गाईंनी जितकं दूध दिलं त्या हिशोबाने रास मांडून वाटतात आणि कुठली रास कोणाची ते चिठ्ठ्यांनी ठरतं.

चीज बनताना बघायचं तर सकाळीच पोचा, कारण रात्रीचं आणि सकाळचं दूध एकत्र करून लगेच काम सुरू होतं. तांब्याच्या कढईत, लाकडाच्या आगीवर, साधारण ३२ अंशांना रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) घालतात, दही घट्ट झालं की तारांच्या चौकटीने गव्हाच्या दाण्याएवढं कापतात आणि ढवळत पन्नाशीच्या वर तापवतात. एक किलो चीजला दहाएक लिटर दूध जातं. घरी कोणी काटेकोर शाकाहारी असेल तर आधीच सांगा: पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातलं असतं.

कुरणातून वाट जात असेल तर फाटक उघडल्यावर लावाच. विजेच्या तारेला प्लास्टिकची मूठ असते, तिने आकडा काढून पुन्हा अडकवायचा. वासरू सोबत असलेल्या गाईपासून निदान पन्नास मीटर लांबून वळसा घ्या आणि वासराला हात लावू नका, ती आपल्या गावाकडच्या गाईइतकी माणसाळलेली नसते. दुपारनंतर गडगडाटाचा अंदाज असेल तर धारेवरून दोनच्या आत खाली या. अपघात झाला तर ११२, कुठल्याही सिमवरून लागतो. हेलिकॉप्टर आलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर पसरून इंग्रजी Y अक्षर करा. नको असेल तर एक हात वर, एक खाली.