शंका-समाधान : काट्याच्या पावतीतले गेटर-सेटर

प्रश्न : केळीच्या व्यापाऱ्यासाठी पायथनमध्ये काट्याच्या पावतीचा प्रोग्रॅम लिहितोय. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन आणि क्विंटलचा भाव, एवढंच. जावाच्या सवयीने प्रत्येकाला गेटर-सेटर (किंमत वाचून देणारी आणि किंमत बदलणारी मेथड) लिहिले. मित्र म्हणाला, प्रॉपर्टी कर, म्हणजे नुसतं पावती.भाव लिहिलं तरी मागे गेटर-सेटरच चालतात. केली, तर भाव टाकताच रिकर्शन एरर येते. – एक विद्यार्थी, रावेर

उत्तर : ‘भाव’ नावाच्या सेटरच्या आत तुम्ही सेल्फ.भाव = रक्कम असं लिहिलेलं असणार. ती ओळ किंमत साठवत नाही, त्याच सेटरला पुन्हा बोलावते. हे चक्र हजाराच्या आसपास गेलं की पायथन हात टेकतं. किंमत सेल्फ._भाव मध्ये ठेवा, गेटरनेही तीच परत द्यावी. इनिटमध्ये (पावती बनताना आपोआप चालणारी मेथड) मात्र अंडरस्कोअरशिवायचं सेल्फ.भाव लिहा; नाहीतर पावती बनताना सेटरमधली तपासणी होतच नाही.

मित्राचं खरं आहे. जावात भाषेचीच अशी प्रॉपर्टी नाही. तिथे उघडं फील्ड नंतर मेथडमागे नेलं, तर ते वापरणारा सगळा कोड बदलावा लागतो, म्हणून आधीपासूनच गेटर-सेटर लिहून ठेवतात. पायथनमध्ये पावती.भाव हे लिहिणं तसंच राहतं, प्रॉपर्टी मागाहून बसवता येते. गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव यांना काही नियम नाही. ते साधेच ठेवा.

निव्वळ वजनाला फक्त गेटर द्या : भरलेलं वजा रिकामं. सेटर नसला की हाताने आकडा घुसवणाऱ्याला अ‍ॅट्रिब्यूट एरर मिळते. काट्यावर तेच हवं!

खरी गोची पुढे आहे. ‘रिकामं वजन भरलेल्यापेक्षा कमी’ हा नियम दोन्ही सेटरमध्ये घातलात, तर 9200 आणि 3800 किलोची चुकलेली पावती 3500 आणि 1400 अशी दुरुस्त करताना भरलेल्याचा 3500 आधी जातो, जुन्या 3800 शी भिडतो आणि नाकारला जातो. नवी जोडी बरोबर असूनही. दोन आकड्यांचा नियम एका सेटरमध्ये मावत नाही. एकच मेथड करा, तिला दोन्ही वजनं एकदम द्या. तपासून मगच ती _भरलेले आणि _रिकामे लिहील. इनिटमधूनही तिलाच बोलवा. या दोघांना मग सेटर लागत नाही.

त्या मेथडची पहिली ओळ इंटची, म्हणजे वजनांचे पूर्णांक करणारी, असू द्या. इनपुटमधून आलेलं वजन स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असतं, आणि स्ट्रिंगच्या तुलनेत पहिलं अक्षर आधी बघितलं जात असल्याने 9200 हे 10400 पेक्षा मोठं ठरतं.