'मिसिंग' म्हणावं की 'ॲबसेंट'?

प्रश्न असा आला आहे: 'अर्जावर सही नाही, हे इंग्रजीत सांगायचं तर सिग्नेचर "ॲबसेंट" म्हणायचं की "मिसिंग"? दोन्हींचा अर्थ "नाही" असाच ना? मग "लॅक" कुठे वापरायचं?'

सहीसाठी 'मिसिंग'. अर्जावर सहीची जागा आखलेली असते आणि ती रिकामी राहिलेली असते. 'मिसिंग' या शब्दाचा सगळा जीव त्या राखून ठेवलेल्या जागेत आहे. 'ॲबसेंट'ला अशी जागा लागत नाही. तो लॅटिनमधून आलेला, मुळात 'दूर असणं' एवढंच सांगणारा शब्द. लघवीच्या तपासणीच्या अहवालात 'शुगर: ॲबसेंट' लिहिलेलं असतं आणि ते वाचून आपल्याला हायसं वाटतं. तिथे 'मिसिंग' लिहिलं, तर साखर असायला हवी होती असा भलताच अर्थ निघेल.

कुणी म्हणेल, वर्गातल्या हजेरीत तर मुलाचं नाव पटावर असतं, तरी 'ॲबसेंट'च म्हणतात. बरोबर आहे. पण ते मूल कुठेतरी आहे, फक्त इथे नाही. त्याच मुलाला 'मिसिंग' म्हटलं तर घरच्यांच्या काळजाचा ठोका चुकेल.

एक समज मला पुष्कळदा ऐकू येतो, की 'मिसिंग' म्हणजे आधी होतं आणि आता नाही. हे खरं नाही. काहींना जन्मतःच एखादा दात कमी असतो, तो कधी तयारच झालेला नसतो. दंतवैद्य त्यालाही 'मिसिंग' म्हणतात, कारण बत्तीसच्या हिशेबात त्याची जागा धरलेली आहे. याहून सुंदर उदाहरण मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीचं. 1869 साली त्याने मूलद्रव्यांची सारणी मांडली तेव्हा काही घरं मोकळी ठेवली. त्या घरांत बसणाऱ्या, पण कुणीही न पाहिलेल्या द्रव्यांना पुढे त्याने 'एका-ॲल्युमिनियम', 'एका-बोरॉन', 'एका-सिलिकॉन' अशी नावं दिली. त्यातलं 'एका' हे आपल्या संस्कृत 'एक'वरून घेतलेलं. 1875 मध्ये गॅलियम, 1879 मध्ये स्कँडियम आणि 1886 मध्ये जर्मेनियम सापडलं, तेव्हा ती घरं भरली. ही द्रव्यं कधीच हरवली नव्हती. तरी सापडेपर्यंत इंग्रजीत ती 'मिसिंग'च, कारण सारणीत त्यांचं घर आधीच बांधून झालं होतं.

'लॉस्ट'ची गोष्ट वेगळी. तिथे वस्तू आधी कुणाच्या तरी हातात असावी लागते आणि ती सुटावी लागते. माणसाबद्दल 'वुई लॉस्ट हिम' म्हटलं तर तो गेला असाच अर्थ बहुधा निघतो. म्हणून युद्धात ज्याचा ठावठिकाणा लागत नाही तो सैनिक 'मिसिंग'. त्या एका शब्दात घरच्यांची आशा शिल्लक असते.

आता 'लॅक'. इथे मला आपल्या न्यायशास्त्राची, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राची, मदत घ्यावीशी वाटते. 'भूतले घटो नास्ति', म्हणजे जमिनीवर घट नाही, हे त्यातलं ठरलेलं उदाहरण. ज्याचा अभाव आहे तो घट 'प्रतियोगी' आणि जिथे अभाव आहे ती जमीन 'अनुयोगी'. 'ॲबसेंट' प्रतियोगीबद्दल बोलतो: घट नाही. 'लॅक' अनुयोगीच्या बाजूने बोलतो: जमिनीकडे घट नाही. म्हणून 'ही लॅक्स एक्स्पीरियन्स' यात कर्ता आहे तो अनुभव नसलेला माणूस. 'मिसिंग' मात्र दोन्हीकडून चालतो. 'अ पेज इज मिसिंग' म्हणा किंवा 'द बुक इज मिसिंग अ पेज' म्हणा, दोन्ही शुद्ध. पान नाही हे पानाकडूनही सांगता येतं आणि पुस्तकाकडूनही. इंग्रजी शिकणारा नेमका इथे अडखळतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

मराठीत या एका 'मिसिंग'साठी आपण काय नाही ते बघून शब्द निवडतो. कागद गहाळ, माणूस बेपत्ता, पैशाची चणचण, चांगल्या माणसांची वानवा. त्यामुळे भाषांतर करताना प्रत्येक 'मिसिंग'ला 'गायब' लावणं मला फार खटकतं. 'गायब'मध्ये कुणीतरी नाहीसं केल्याचा वास येतो. सही 'राहिली आहे' म्हणावं. जागा राखलेली आहे हा भाव त्यात आपोआप येतो.

जाता जाता 'लेस' आणि 'फ्री' या प्रत्ययांबद्दल. दोन्ही नसणंच सांगतात, पण 'केअरलेस' हा दोष आणि 'केअरफ्री' हे सुख. मराठीतही चिंता आणि काळजी जवळपास एकच, तरी 'निश्चिंत' माणूस वेगळा आणि 'निष्काळजी' माणूस वेगळा.

आणि 'आय मिस यू'चं काय, हे प्रश्नात नसलं तरी सांगतो. 'मिस' या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ नेम चुकणं. त्यातूनच पुढे एखाद्याची उणीव जाणवणं हा अर्थ आला. आपल्याकडे जवळचं माणूस गावाला गेलं की घरात कसं वाटतं? चुकल्याचुकल्यासारखं.