वाचकांचे प्रश्न : बॉक्सवरचं माप बघून कोड लावू नका

प्रश्न : मी घरून अमेरिकेतल्या एका सप्लायरचं आणि एका क्लिनिकचं बिलिंग करते. मेडिकेअर पार्ट बी (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचा एक भाग) चा पेशंट, पायाला एकच जखम, घरी वापरायला महिन्याचे 12 फोम ड्रेसिंग दिलेत, चिकट बॉर्डरवाले, बॉक्सवर 6 बाय 6 इंच. मी ए६२१३ हा बिलिंग कोड लावला, 12 युनिट, मॉडिफायर (कोडमागे जोडायची दोन अक्षरांची खूण) ए९ कारण नग नऊच्या वर गेले. क्लेम रिजेक्ट! आणि क्लिनिकमधे नर्सने बांधलेलं ड्रेसिंग वेगळं बिल करायचं का?

उत्तर : अहो, मॉडिफायर आधी बदला. ए१ ते ए९ म्हणजे ड्रेसिंग किती दिले ते नाही, ते ड्रेसिंग किती जखमांवर वापरतायत ते. जखम एक असेल तर ए१, मग नग 12 असो नाहीतर 30, नग युनिटमधे जातात.

आता कोड. इथे भलेभले फसतात. 6 बाय 6 म्हणजे 36 चौरस इंच, म्हणून तुम्ही 16 च्या वर ते 48 वाला ए६२१३ घेतला, हिशोब बरोबर आहे पण माप चुकीच्या गोष्टीचं घेतलंय, कारण कोडमधे पॅडचं, म्हणजे मधल्या शोषणाऱ्या भागाचं, माप धरतात, बॉर्डर कितीही रुंद असली तरी मोजत नाहीत. पाकिटावर बारीक अक्षरात पॅड साइज असते ती बघा, 4 बाय 4 निघाली तर बरोब्बर 16, आणि "16 किंवा कमी" मधे 16 येतंच, म्हणजे ए६२१२. बॉर्डर नसलेल्या फोमचे कोड वेगळे, ए६२०९ पासून.

12 नग ठीक वाटतात, फोम कव्हर (जखमेवर झाकायचं फोम ड्रेसिंग) साधारण आठवड्यातून तीनदा बदलायला चालतो. अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून केलेलं ड्रेसिंग) असतं तर रोज एक चाललं असतं. पण जखम सर्जरीची किंवा डिब्राइडमेंट (जखमेतला मेलेला भाग काढणं) झालेली आहे हे नोट्समधे हवं, शिवाय जखमेची लांबी-रुंदी-खोली, किती पाझरतेय, हे दर महिन्याला लिहिलेलं हवं. नुसतं "जखम बरी होतेय" लिहून पाठवणारे डॉक्टर आहेत, त्यांना बिलरने फोन केलेला आवडत नाही, तरी करा.

क्लिनिकमधलं ड्रेसिंग? वेगळं नाही. तिथे प्रोसिजर करताना वापरलेलं सामान त्या प्रोसिजरच्या पैशातच धरलेलं असतं. आणि पेशंट होम हेल्थ एजन्सीच्या (घरी नर्स पाठवून उपचार करणारी संस्था) देखरेखीखाली आहे का ते आधी विचारा, असेल तर ड्रेसिंग त्यांच्या पेमेंटमधे येतात, सप्लायरचा क्लेम कोड बरोबर असूनही परत येणार.