आईचा गुडघा बदलायचाय. पंचवटीतलं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून थेट घरी आणता येईल का?

हो, आणता येईल. फक्त डिस्चार्जच्या आधी फिजिओथेरपिस्टने त्यांना हॉस्पिटलच्या जिन्यावर चढवून-उतरवून घेतलेलं असावं. माझा उजवा गुडघा नाशिकलाच बदललाय आणि मीही जिन्याच्याच घरात आलो. ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बहुतेकांना वॉकरवर उभं करतात, जिना नंतर शिकवतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. खरी अडचण जुन्या वाड्यांतल्या जिन्यांची. उंच, अरुंद पायऱ्या आणि कठड्याच्या जागी लोंबता दोर. दोर हलतो, त्यावर भार टाकायचा नाही. पक्का कठडा ऑपरेशनआधीच बसवून घ्या. वॉकर जिन्यावर चालत नाही, तो कुणीतरी वर नेऊन ठेवायचा.

घरी आणखी एवढं बघा:
- भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची.
- गुडघ्याखाली उशी नको. तिने बरं वाटतं (भेटायला येणारा प्रत्येकजण तीच सरकवतो), पण गुडघा वाकलेलाच आखडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा.
- व्यायामाच्या थोडं आधी वेदनाशामक गोळी, डॉक्टरांना विचारून.

दोन्ही गुडघे एकदम बदलणार असतील, किंवा आईंना चक्कर येण्याचा, हृदयाचा त्रास असेल, तर मात्र सुरुवातीचे काही आठवडे तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवलेलं बरं. हे सर्जनशी आधीच बोलून ठरवा.