इंग्लंडमधली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जुनी लाकडी घरं इतकी वाकडी होऊनही पडत कशी नाहीत?

कारण त्या घरांत भिंत भार घेतच नाही. सगळा भार लाकडी सांगाड्यावर असतो, आणि हा सांगाडा मोडण्याआधी पुष्कळ वाकू शकतो.

चेशायरमध्ये काँगल्टनजवळ लिटल मॉर्टन हॉल नावाचा खंदकाने वेढलेला वाडा आहे. मी तो दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा तर केवळ सांधे बघायला गेलो. मॉर्टन घराण्याने 1504 च्या सुमारास बांधायला घेतला आणि 1610 पर्यंत त्यात भर घालत राहिले.

दगडी जोत्यावर ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा उभा आहे. वाळलेला ओक फार टणक होतो, म्हणून सुतार तो ओला असतानाच कापत. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारं कुसू, आणि दोन्हींतून आरपार ओकचीच खुंटी. यातली खरी हुशारी भोकांत आहे. कुसवातलं भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. पुढे लाकूड वाळतं, आकसतं, पिळतं. सांधा थोडा हलतो, पण सुटत नाही.

खांबांमधल्या जागेत काटक्या विणून वर मातीचा लेप देत. कोकणात माझ्या आजोळी कारवीचा कूड होता, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. कूड पडला तरी घर उभं राहतं, तसंच इथेही.

मग वाडा इतका वाकडा का? सगळ्यात वर सुमारे 21 मीटर लांबीचं दालन आहे, लाँग गॅलरी. ते नंतर चढवलेलं दिसतं आणि त्यावर जड दगडी फरश्यांचं छप्पर आहे. त्या ओझ्याने खालचे मजले दबले, फुगले. आज ते दालन पोलादी सळयांनी आवळून धरलंय. तिथे चालताना जमिनीचा चढउतार पावलांना कळतो.

काळा-पांढरा रंग मात्र मूळचा नव्हे. ती व्हिक्टोरियन काळातली आवड. आधी ओक तसाच सोडलेला असे, उन्हापावसाने चंदेरी व्हायचा, आणि मधला गिलावा पिवळसर मातकट रंगाचा. मला तो वाडा तसाच बघायला आवडला असता.

गेलात तर चौकातल्या मोठ्या खिडक्यांवर कोरलेली अक्षरं नक्की वाचा. 1559 साल आहे, मालक विल्यम मॉर्टनचं नाव आहे, आणि त्याच लाकडावर रिचर्ड डेल या सुताराचंही: देवाच्या कृपेने या खिडक्या मी केल्या, अशा अर्थाचं.