बाहेरून आलेल्या कामगाराला स्थानिकापेक्षा जास्त मिळतं की कमी?

तुमचा भाचा दिव्याला राहतो, आयटीआयचा फिटर आहे. नवी मुंबईतल्या महाप्याच्या एका कारखान्याच्या गेटवर ‘जागा नाही’ ऐकून तो परत आला आणि आठवडाभरात तिथेच गोरखपूरकडची चार पोरं कामाला लागली. त्यावरून तुम्ही विचारलंय की बाहेरून आलेल्या कामगाराची इथे चलती आहे, की उलट तोच नाडला जातो.

दोन्ही. काम त्याला आधी मिळतं आणि तासाला पैसे कमी मिळतात. पैसे कमी घेतो म्हणूनच काम आधी मिळतं.

मी 19 वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लेबर कंत्राटदारांच्या हजेऱ्या, पगारपत्रकं आणि पीएफ-ईएसआयची चलनं करतोय. दोघांचे पगार शेजारी शेजारी बघायला मिळतात, आणि गफलत नेहमी महिन्याच्या आकड्यापाशी होते. हिशोबापुरते सोपे आकडे घेऊ. स्थानिक मुलगा आठ तासांच्या 26 हजेऱ्या भरतो, म्हणजे 208 तास, आणि 16,000 घेतो. तासाला 77 रुपये पडले. त्याच मशीनवरचा बाहेरचा मुलगा बारा तासांच्या 30 हजेऱ्या भरतो, म्हणजे 360 तास, आणि 20,000 घेतो. चाळीत बातमी जाते की ‘त्यांना वीस हजार देतात’. तासाला पडले जेमतेम 56. जादा तासांना दुप्पट दर हा कायदा आहे. त्या दराने 152 जादा तास धरले तर त्या मुलाला 39,000 च्या वर मिळायला हवेत. (महिन्याला इतके जादा तास करवून घ्यायचीच मुभा नाही, तो आणखी एक गुन्हा.) कागदावर मात्र तो आठ तासांचाच असतो, उरलेले तास दुसऱ्या वहीत. अशी दुसरी वही सापडली म्हणून मी दोन कंत्राटदारांचं काम सोडलंय.

तो मुलगा नाही का म्हणत नाही, हे कळलं की तुमच्या भाच्याचंही कोडं सुटतं. भाच्याला रात्री जेवायला घर आहे, रेशनकार्ड आहे, महिनाभर थांबून दुसरीकडे विचारता येतं. हा आळस नव्हे. थांबता येणं हीच त्याची भाव करायची ताकद आहे आणि मालकाला नेमकी तीच नको असते. ‘लोकल पोरगा जत्रेला दांडी मारतो, युनियन करतो’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की त्याचा खरा अर्थ आता पाठ झालाय: आम्हाला उठून जाऊ न शकणारा माणूस हवा. बाहेरचा मुलगा निघतानाच घरच्यांनी घेतलेली उचल डोक्यावर घेऊन येतो. बांधकामावर तर त्याला आठवड्याची फक्त खर्ची मिळते, धान्य आणि मोबाइलच्या रिचार्जपुरती. बाकी हिशोब गावी जाताना. मध्येच सोडलं की हिशोब बुडाला. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने अशा माणसासाठी विस्थापन भत्ता आणि येण्याजाण्याचं भाडं ठरवून दिलं होतं. एवढ्या वर्षांत तो भत्ता एकाही पगारपत्रकात लिहायची वेळ माझ्यावर आली नाही.

2020 च्या टाळेबंदीत खर्ची थांबली आणि हीच माणसं ठाण्यावरून नाशिक हायवेने कसाऱ्याच्या दिशेने पायी निघाली. गोरगरीब स्थानिकांचेही हाल झाले, पण त्यांना निदान आपल्या दारात बसून हाल सोसता आले.

आता ‘जागा नाही’बद्दल. कदाचित ते खोटं नसेलही, कारण जागा गेटपर्यंत आलीच नसणार. सुपरवायझर मुकादमाला म्हणतो ‘चार माणसं लागतील’, मुकादम गावी फोन लावतो, चौथ्या दिवशी माणसं गाडीतून उतरतात. जाहिरात नाही, मुलाखत नाही. कैवन मुन्शी या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत गेलेल्या मेक्सिकन लोकांवर 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ गावात पाऊस कमी झाला की जास्त माणसं बाहेर पडतात. आणि गावची आधी जाऊन स्थिरावलेली माणसं जितकी जास्त, तितकी नव्या माणसाला काम मिळण्याची शक्यता जास्त, तेही शेतीबाहेरचं, बऱ्या पैशांचं. मी ते वाचलं तेव्हा मला मशीद बंदरची आमची गावकीची खोली आठवली.

माझे वडील पाटण तालुक्यातले. मुंबईत आले ते गावकीच्या त्या एका खोलीत पाळीपाळीने झोपले आणि दाणाबंदरात चुलत्याच्या टोळीत उभे राहिले. त्या शहरात तेही बाहेरचेच होते. व्यापारी देईल ती मजुरी, पडेल तो मार, पाठीवर शंभर किलोची गोण, असं हमालाचं जिणं आधीच्या पिढीने काढलं होतं. वडिलांच्या वेळेपर्यंत एक गोष्ट बदलली होती. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी लढून 1969 चा माथाडी कायदा मिळवला होता. त्यात व्यापारी मजुरी थेट हमालाच्या हातावर टेकवत नाही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक रक्कम, माथाडी मंडळात भरतो, आणि मंडळ कामगाराला पगार देतं. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी त्या लेव्हीतून. दर ठरला तो कामाचा. माणूस साताऱ्याचा की कुठला, त्याला घर आहे की तो फलाटावर झोपतो, याने दर हलत नव्हता. पुढे धान्याचा बाजार वाशीला आला, त्यामागे वडील आले, आणि कोपरखैरण्यात आमचं घर झालं.

माझ्या लेखी तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. स्थानिक आणि बाहेरचा यांच्या मजुरीतलं अंतर कौशल्याने पडत नाही. ज्या कामाची नोंद आहे, दर ठरलेला आहे आणि पैसे तिसऱ्या हातातून येतात तिथे ते अंतर मिटतं. जिथे सगळं मुकादमाच्या वहीत आहे तिथे ते पडतंच. माथाडींचंही सगळं चांगलं चाललंय असं नाही. टोळीत शिरायला तेव्हाही ओळख लागायची, आणि आज त्याच बाजारात नोंद नसलेली पोरं तोच माल कमी पैशांत उचलताना मी बघतो.

बाहेरची माणसं आपलं काम घेतात का, या प्रश्नावर जगभर भांडण आहे. 1980 साली क्युबातून सव्वा लाख माणसं काही महिन्यांत अमेरिकेत आली. त्यातली बरीचशी मायामीत राहिली आणि तिथले कामगार साधारण 7 टक्क्यांनी वाढले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये दाखवलं की तिथल्या कमी शिकलेल्यांच्या पगारावर किंवा बेकारीवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. त्यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी 2017 मध्ये पुन्हा चाळली आणि म्हटलं की शाळाही पूर्ण न केलेल्या पुरुषांचे पगार चांगलेच घसरले होते. दोघांचं वाचून मला वाटतं, शहराचं एकूण नुकसान होत नाही, पण अगदी तळाशी तेच काम करणाऱ्याला झळ बसू शकते. ती झळ नाकारू नये. डेन्मार्कमध्ये 1986 ते 1998 या काळात निर्वासितांना गावोगावी वाटून दिलं होतं. तिथले कमी शिकलेले स्थानिक हळूहळू अंगमेहनतीच्या कामातून बाहेर पडून बऱ्या पगाराच्या कामांत गेले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे वर सरकायची ती पायरी सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या. गावठाणात ज्यांच्याकडे जागा उरली त्या आगरी-कोळी कुटुंबांनी खोल्या बांधून याच बाहेरच्या कामगारांना भाड्याने दिल्या. ज्यांच्याकडे मुळात जमीनच नव्हती, जे शेतमजुरी करत किंवा मिठागरात राबत, त्यांची मुलं आज गेटवर गोरखपूरच्या मुलाशेजारी उभी असतात. 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांचा तो लढा घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी होता, बाहेरच्यांविरुद्ध नव्हता, हे इथे आवर्जून सांगावंसं वाटतं.

टक्केवारीच्या कायद्यांवर माझा भरवसा नाही. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिक असा कायदा केला, तो तिथल्या उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रद्द केला. टिकला असता तरी मुकादमाच्या फोनपर्यंत पोहोचला असता असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मला सारखी टोचते. ‘तुझे वडीलही बाहेरचेच, झालं ना त्यांचं चांगलं? यांचंही होईल’ असं लोक मला म्हणतात. बॅरी चिझविक यांनी 1978 मध्ये साधारण हेच मांडलं होतं: अमेरिकेत आलेला माणूस सुरुवातीला मागे असतो आणि 10-15 वर्षांत स्थानिकाला गाठतो. याच बोर्हास यांनी 1985 मध्ये त्यातली खोच दाखवली. 15 वर्षांपूर्वी आलेला आणि काल आलेला यांना एका रांगेत उभं करून कालचा उद्या त्याच्यासारखा होईल असं धरता येत नाही, कारण दोघे वेगळ्या काळात, वेगळ्या परिस्थितीत आले. शिवाय जे हरले ते गावी परतलेले असतात, मोजणीत सापडतच नाहीत. वडिलांच्या पिढीला मंडळ मिळालं. रबाळ्यात आज पत्र्याच्या खोलीत सहा जणांत राहणाऱ्या मुलाला वर्षाला बदलणारा कंत्राटदार मिळालाय. तो 15 वर्षं तितकीच मेहनत करेल आणि हातात ग्रॅच्युइटीचा एक रुपयाही नसेल, कारण त्याच्या पाच वर्षांच्या सलग नोकरीची नोंदच कुठे होणार नाही.

भाचा पुन्हा महाप्याला जाणार असेल तर गेटवर वेळ घालवण्याआधी आत काम करणाऱ्या ओळखीच्या कोणाला तरी धरा आणि मुकादम कोण आहे ते काढा. पगार किती हे विचारायच्या आधी किती तासांचा ते विचारायला सांगा. लागल्यावर दोन महिन्यांत यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, मागावा आणि पासबुकात पैसे पडतात का ते स्वतः बघावं, ईएसआय कापत असतील तर कार्ड मागावं, जादा तास रोजच्या रोज मोबाइलमध्ये लिहून ठेवावेत. आणि शेजारच्या मशीनवरच्या त्या मुलालाही हे सगळं दाखवावं. त्याचे जादा तास दुप्पट दराने मोजले गेले, तर पुढच्या वेळी भाच्याला डावलून त्याला घेण्यात मालकाचा काहीच फायदा उरणार नाही.